आधी चढ बघा, मग गाडी

मंडळी, ही काळी पडलेली चकती तुमच्यात फिरवायला दिली आहे. ती हातात घ्या, वासही घ्या. ही क्लच प्लेट आहे. आमच्या गॅरेजात एका छोट्या ऑटोमॅटिक गाडीतून काढलेली. गाडी जेमतेम 22 हजार किलोमीटर चालली होती. नव्या प्लेटवरून बोट फिरवलं तर रिव्हेटची डोकी खोल खड्ड्यात राहतात, बोटाला लागत नाहीत. हिची लागतात. लायनिंग पार संपलंय.

गाडीचे मालक सदुसष्टीचे काका. सावकाश चालवणारे, गाडीवर ओरखडा नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुलाने मुद्दाम ऑटोमॅटिक घेऊन दिली. प्लेट दाखवल्यावर ते मला म्हणाले, "अहो ताई, माझ्या गाडीत क्लचच नाही, तर जळेल कसा?" गाडी विकताना त्यांना कुणीही हे सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. आज मी इथे आले आहे ती त्यांच्या त्या प्रश्नासाठी.

काकांच्या पायाखाली क्लच नव्हता, पण गाडीत होता. आपल्याकडे छोट्या गाड्यांवर 'ऑटोमॅटिक' म्हणून लिहिलेलं असतं, त्यातल्या बहुतेक एएमटी, म्हणजे 'ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन'च्या असतात. 2014च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली आणि ही पद्धत आपल्याकडे रुजली. आज वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, टियागो, पंच, निऑस या सगळ्यांत ती मिळते. आत गिअरबॉक्स तोच, मॅन्युअल गाडीचा. क्लच प्लेटही तशीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या पाय-हातांऐवजी यंत्र बसवलेलं असतं, त्याला आम्ही अॅक्चुएटर म्हणतो. म्हणून बाकीच्या ऑटोमॅटिकपेक्षा ती स्वस्त पडते: त्याच मॉडेलच्या मॅन्युअलपेक्षा साधारण 45 ते 60 हजारांनीच महाग. अॅव्हरेजही जवळपास मॅन्युअलइतकंच. गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते, तेही त्याच कारणाने. तेवढा क्षण इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटलेली असतात.

आता काकांच्या सोसायटीत जाऊ. तळघरातलं पार्किंग, वर यायला उभा रॅम्प आणि रॅम्पच्या टोकाला बंद फाटक. वॉचमन येऊन उघडेपर्यंत काका गाडी चढावरच ठेवायचे, ब्रेकवर पाय न ठेवता नुसत्या अॅक्सिलरेटरवर तोलून. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. रोज दोनदा-तीनदा. मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर गाडी तोलली तर काय होतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. इथे तेच होत होतं, फक्त पायाला जाणवत नव्हतं. आत प्लेट घासत राहायची. काही गाड्या अशा वेळी टीं-टीं वाजून सांगतात, पण ते कशाचं वाजतंय हे तरी आधी कुणी सांगायला हवं ना.

चढावर थांबायचं असेल तर ब्रेक दाबूनच थांबा. जास्त वेळ असेल तर हँडब्रेक ओढा. निघताना हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोनेक सेकंद मागे सरकत नाही, तेवढ्यात अॅक्सिलरेटर द्या. नसेल तर हँडब्रेकवर धरून, गाडी पुढे ओढायला लागली की हँडब्रेक सोडा. इतकं सांभाळलं तर या गाड्या उत्तम टिकतात. आणि क्लच गेलाच तरी तो बदलणं आमच्यासारख्या साध्या गॅरेजला जमतं. माझ्या मते हा एएमटीचा सगळ्यात मोठा गुण आहे.

दुसरा प्रकार सीव्हीटी. इथल्या पुष्कळ जणांनी तो चालवलेला आहे. 1984 साली कायनेटिक होंडा आली, आठवते? गिअर नसलेली. माझ्या वडिलांकडे ती दुरुस्तीला यायची तेव्हा मी पहिल्यांदा तिचा पट्टा पाहिला. दोन पुली, मधे रबरी पट्टा, वेग वाढला की एका पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, दुसरीच्या उघडतात, आणि पट्टा वर-खाली सरकतो. गिअरच नाहीत, मग झटका कुठून बसणार? गाडीत हाच खेळ असतो, पट्टा मात्र पोलादी, शेकडो पातळ तुकड्यांचा ओवलेला. होंडा अमेझ, आय20चं साधं पेट्रोल इंजिन, मॅग्नाइट टर्बो यांत हा मिळतो. गर्दीत याच्याइतकी मऊ चाल कुणाची नाही. जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, ते काहींना खटकतं. मला नाही खटकत.

पण सीव्हीटीत जीव असतो तो ऑइलमध्ये. पोलादावर पोलादाची पकड टिकवणारं ते वेगळंच ऑइल आहे. एकदा एक गाडी आमच्याकडे घरघरत आली. आधीच्या ठिकाणी तिच्यात नेहमीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल भरलं होतं. दिसायला दोन्ही सारखीच, पण या गाडीची पुली चरे पडून गेली. तो खर्च ऐकून गाडीच्या मालकीण काकू मटकन खुर्चीत बसल्या. म्हणून सीव्हीटी घेतलीत तर सर्व्हिसच्या बिलावर ऑइलचं नाव लिहून मागा. 'लाइफटाइम ऑइल' म्हणून कुणी सांगितलं तरी आपल्या उन्हात आणि आपल्या गर्दीत मी ते बदलायला सांगते, आणि त्यावर ठाम आहे.

तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, सगळ्यात जुना आणि चढासाठी सगळ्यात भरवशाचा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधे घासणारी क्लच प्लेटच नाही, त्यामुळे रॅम्पवर काकांसारखी प्लेट जळण्याचा प्रश्न नाही. मॅन्युअलपेक्षा लाखाच्या पुढे जास्त मोजावे लागतात आणि पेट्रोलही थोडं जास्त जातं. पण गुडघे दुखत असतील, रोज तळघरातून वर यायचं असेल, महिन्यातून दोनदा ताम्हिणी नाहीतर आंबा घाट चढायचा असेल, तर मी सांगेन, सनरूफ सोडा, चकचकीत चाकं सोडा, पैसे इथे घाला.

इथे एक हिशेब मांडते. 22 सप्टेंबर 2025पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. ब्रेझाचा टॉर्क कन्व्हर्टर चांगला आहे, पण तिचं पेट्रोल इंजिन दीड लिटरचं, म्हणजे ती 40 टक्क्यांत बसते. मारुतीची फ्रॉन्क्स टर्बो, स्कोडाची कायलॅक आणि महिंद्राची थ्रीएक्सओ पेट्रोल यांत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो आणि त्या 18 टक्क्यांत येतात.

ड्युअल क्लचबद्दल फार बोलत नाही. चालवायला झकास, गिअर कधी बदलला कळत नाही. पण दोन क्लच, गुंतागुंतीचं डोकं आणि दुरुस्ती मोठी. निवृत्तीच्या पैशांतून दहा वर्षांसाठी गाडी घेणाऱ्याला मी हा सुचवत नाही. आणि विजेच्या गाडीत तर गिअर बदलण्याचा प्रश्नच मिटतो. घरी चार्जिंगची सोय असेल तर टियागो ईव्हीसारखी गाडी नक्की बघा.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. गाडी आपल्या सोसायटीत मागवा. घरातली चार माणसं बसवा. रॅम्पच्या मध्यावर थांबा, ब्रेक सोडा, किती मागे जाते बघा. मग रिव्हर्समध्ये तोच चढ चढा. शेवटी पार्किंगच्या अरुंद जागेत इंच-इंच पुढेमागे करा. एएमटीचा खरा स्वभाव तिथे कळतो. जी गाडी तिथे तुमचं ऐकते ती तुमची.

जुनी घेत असाल तर इंजिन गार असताना बघायला जा. ब्रेक दाबून न्यूट्रलमधून 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाका. गिअर उशिरा आणि धपकन बसत असेल तर ती गाडी घेण्याआधी थांबा. पहिल्या गिअरला गाडी थरथरत निघत असेल तर क्लच संपत आलाय, तेवढे पैसे भावातून कमी करा. सर्व्हिसचे कागद नसलेली सीव्हीटी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

मागच्या ओळीतल्या आजींनी विचारलं आहे की त्यांच्या एएमटी वॅगनआरमध्ये 'पी', म्हणजे पार्किंगचा गिअर नाही, मग उतारावर ती लावायची कशी. फार चांगलं विचारलंत. एएमटीत 'पी' बहुधा नसतोच. आजी, ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडी गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद करा. इंजिन बंद झालं की आतला क्लच जोडलेला राहतो आणि इंजिनच चाकांना धरून ठेवतं. गिअर खरंच लागला का, हे समोरच्या काट्यांजवळच्या अक्षरावरून बघा. न्यूट्रलमध्ये बंद केलीत तर सगळा भार एकट्या हँडब्रेकवर. आणि तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये ठेवा, वर असेल तर पुढच्या गिअरमध्ये. तुमची गाडी खालीच उभी आहे ना? चला, आत्ताच करून बघू.