सातोमी घराण्याच्या दोन बखरी

नमस्कार मंडळी. आज ज्या घराण्याबद्दल बोलायचंय त्याचं नाव सातोमी. जपानी अ‍ॅनिमे आणि मांगा बघणाऱ्यांना आठ मणी, आठ योद्धे, शाप लागलेलं राजघराणं हे सगळं कुठेतरी भेटलेलं असेल, त्याचं मूळ बऱ्याचदा क्योकुतेइ बाकिन या जपानी लेखकाच्या 'नान्सो सातोमी हाक्केनदेन' या अवाढव्य कादंबरीत असतं. १८१४ ला पहिला भाग छापून आला आणि शेवटचा १८४२ ला, म्हणजे २८ वर्षं, १०६ पुस्तकं. आणि गंमत म्हणजे हे घराणं खरंच होतं. टोकियोच्या आग्नेयेला बोसो द्वीपकल्प आहे ना, त्याच्या टोकाला आवा नावाचा प्रांत, तिथे त्यांची सत्ता.

आधी कादंबरीतली कथा सांगतो. १४४१ ला युकीचा किल्ला पडतो, बाप लढता लढता जातो आणि योशिझाने नावाचा तरुण सातोमी समुद्र ओलांडून आवात येतो. तिथल्या जुलमी सत्ताधाऱ्याला हरवून तो प्रांत ताब्यात घेतो, आणि त्या सत्ताधाऱ्याची साथीदार तामाझुसा समोर आणली जाते. योशिझाने आधी म्हणतो जीवदान देऊ. मग सरदार म्हणतो, नको, हिच्यामुळेच एवढं सगळं झालं, आणि तो शब्द फिरवतो. मरताना ती शाप देते की तुझ्या वंशजांना कुत्र्यांच्या जन्माला नेईन.

पुढे वर्षं जातात, शेजारचा आनझाई वेढा घालतो, किल्ल्यातलं धान्य संपतं, माणसं उपाशी, आणि योशिझाने वैतागून आपल्या यात्सुफुसा नावाच्या कुत्र्याशी बोलत बसतो, की शत्रूचं डोकं आणलंस तर पोटभर मासे देईन. कुत्रा ढिम्म. मग हुद्दा देऊ? जमीन देऊ? तरी ढिम्म. मग सहज तोंडातून जातं, मुलगी देऊ का, आणि कुत्रा शेपूट हलवतो आणि त्याच रात्री खरंच डोकं घेऊन येतो! आता बाप हादरलेला, कुत्र्याला मारायला निघालेला, पण मुलगी, राजकन्या फुसे, ती म्हणते की राज्यकर्त्याने शब्द मोडला तर प्रजेने कुणाचं ऐकायचं. आणि ती स्वतःहून त्या कुत्र्याबरोबर तोयामा डोंगरातल्या गुहेत जाऊन राहते, कुत्र्याला अंगाला हात लावू देत नाही, दिवसभर सद्धर्मपुंडरीक सूत्र हा बौद्ध ग्रंथ वाचते. मला विचाराल तर अख्ख्या कादंबरीत इतकं खंबीर पात्र दुसरं नाही, पुढचे आठ योद्धे सगळे तिच्यापुढे फिके.

शेवटी तिला सोडवायला आलेला दाइसुके बंदूक झाडतो, कुत्रा मरतो, तिलाही गोळी लागते. त्या कुत्र्याच्या नुसत्या प्राणशक्तीने तिच्या पोटात गर्भ राहिलेला असतो, म्हणून आपण निष्कलंक आहोत हे दाखवायला ती स्वतःच पोट चिरते. गळ्यातल्या माळेचे आठ मोठे मणी हवेत उडतात आणि आठ दिशांना जातात. एकेका मण्यावर एकेक गुण: करुणा, न्याय, मर्यादा, शहाणपण, स्वामीनिष्ठा, सचोटी, आईवडिलांची सेवा, भावाभावांमधला जिव्हाळा. वेगवेगळ्या घरांत आठ पोरं जन्माला येतात, प्रत्येकाकडे एक मणी, अंगावर फुलासारखा डाग, आणि आडनावात 'इनु' म्हणजे कुत्रा. ती एकमेकांना शोधत शोधत सातोमींच्या दरबारी येतात आणि घराणं तारतात.

आता खरी हकीकत. १५३३ ला घराण्यातच रक्त सांडलं, प्रमुख योशितोयोने आपल्या काकाला मारलं आणि पुढच्याच वर्षी काकाच्या मुलाने, योशिताकाने, योशितोयोला संपवून गादी घेतली. गादी चुलत घराकडे गेली आणि मग जिंकलेल्या बाजूने इतिहासच असा लिहून घेतला की जणू गादी न्यायाने त्यांचीच होती. म्हणजे खऱ्या सातोमींची वंशावळसुद्धा निम्मी रचलेलीच, हे इतिहासकारांना खूप उशिरा कळलं. नंतर होजो या बलाढ्य घराण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज, कोनोदाईच्या लढायांत १५३८ आणि १५६४ ला मोठे पराभव, तरी टिकले. तोकुगावा या शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, घराण्याच्या काळात तर उत्पन्न १,२०,००० कोकूपर्यंत (कोकू म्हणजे तांदळाचं माप) गेलं. आणि १६१४ ला सगळं गेलं. प्रमुख तादायोशीची बायको शोगुनचा बडा मंत्री ओकुबो तादाचिका याची नात, ओकुबोंवर शोगुनची खप्पा मर्जी झाली आणि त्यात हेही भरडले. आवा काढून घेतलं, दूर पश्चिमेला कुरायोशीला धाडलं, तिथे १६२२ ला तादायोशी वारला, वारस नाही. त्याच्यामागे आठ सेवकांनी प्राण दिले अशी परंपरा आहे. आठच! बाकिनने पहिला भाग काढला १८१४ ला, घराणं बुडाल्याला बरोबर २०० वर्षं झाली होती.

आणि इथे मला बाकिनच्या घराबद्दल बोललंच पाहिजे, कारण माझं म्हणणं असं आहे की ही कादंबरी त्याच्या स्वतःच्या घराण्याचीच आहे. तो जन्माने ताकिझावा, खालच्या दर्जाचा समुराई, १७६७ चा जन्म, बाप लवकर गेला, चौदाव्या वर्षी धन्याचं घर सोडलं. पुढे पादत्राणांचं दुकान असलेल्या विधवेशी लग्न केलं आणि लिहून पोट भरलं, पण समुराईपण परत आणायचं ही आस मरेपर्यंत सुटली नाही. एकुलता एक मुलगा सोहाकू वैद्य झाला, १८३५ ला गेला. मग म्हाताऱ्याने काय केलं, आयुष्यभर जमवलेली पुस्तकं विकली आणि नातवासाठी शोगुनच्या बंदूकधारी पथकात जागा विकत घेतली! लेखकाने पुस्तकं विकायची, घराण्याच्या नावासाठी. ज्याच्या लेखी घराणं बुडणं एवढं जिवावरचं होतं तोच माणूस बुडालेल्या सातोमींना कागदावर हरू देत नाही, आणि म्हणून त्याच्या सातोमींना न्यायी राजा, शब्द पाळणारी मुलगी आणि आठ निष्ठावंत मिळतात, जे खऱ्यांना जिवंतपणी मिळाले नाहीत.

तेवढ्यात डोळे गेले. आधी उजवा, मग दुसराही. १८४१ पासून तो सांगायचा आणि विधवा सून मिची लिहायची, तिला कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, फारशी येत नव्हती, तर एकेक अक्षर कसं जुळतं ते तो तोंडी सांगायचा आणि ती ते कागदावर उतरवायची. दोघांची चिडचिड किती झाली असेल विचार करा. तरी त्याच वर्षी कादंबरी पूर्ण झाली.

आज जुन्या आवातल्या तातेयामाला १९८२ ला बांधलेला किल्ल्याचा मनोरा आहे, आत या कादंबरीचंच संग्रहालय. आणि तोमिसान डोंगरावर, म्हणजे कादंबरीतल्या तोयामावर, फुसेची गुहा दाखवतात, कधीच न जन्मलेल्या राजकन्येची, लोक श्रद्धेने जातात. खऱ्या सातोमींचे अवशेषही आसपास आहेत, तिकडे जाणार असाल तर ते मात्र सोडू नका. आणि बाकिन गेल्यावर मिचीने स्वतःची डायरी ठेवली, घरात काय चाललंय, नातवाचं आजारपण, पैशांची ओढाताण सगळं त्यात येतं, कारण विकत घेतलेली ती जागा ज्याच्यासाठी होती तो नातू आजोबांनंतर वर्षभरातच वारला. बाकिनवर लिहिणारे बरेच जण तिला 'लेखनिक' म्हणून एका ओळीत उरकतात, मला ते पटत नाही, ते शेवटचे भाग तिच्याशिवाय झालेच नसते.