बाई, कागद उचला!

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय: ‘मुलांची कल्पकता आणि आजचं रंगीत चित्र’. पण आधी एक तक्रार. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, कौलारू घर, आभाळात टिकमार्क केल्यासारखे पक्षी. हे मुलांचं चित्र नव्हे, मोठ्यांनी मुलांकडून घोटवून घेतलेलं चित्र आहे.

मोकळं सोडलेलं पाच-सहा वर्षांचं मूल वेगळंच काढतं. आभाळ म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी, जमीन म्हणजे खालची रेघ, मधे काही नाही. भिंतीआडची आजी बाहेरून दिसते. आई घराहून उंच, कारण ती महत्त्वाची. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रात याला किती गुण पडतील, विचारू नका. (हशा) चित्रकार पाउल क्लेनं मात्र १९११मध्ये स्वतःच्या कामांची सूची करायला घेतली, तेव्हा लहानपणची चित्रंही तिच्यात घातली.

आता माझा आवडता किस्सा. नोव्हेंबर १९४८मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत ‘कोब्रा’ हा चित्रकारांचा गट जन्मला. कोपनहेगन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम यांवरून नाव. सापाचा फायदा फुकट. त्यातला डच गडी कारेल आपेल. युद्धानंतरच्या जर्मनीतून आगगाडीनं जाताना त्यानं भीक मागणारी मुलं पाहिली होती. १९४९मध्ये ॲमस्टरडॅमच्या नगरभवनाच्या उपाहारगृहात त्यानं भिंतीवर तीच रंगवली: ढोबळ डोकी, मोठाले डोळे, भडक रंग. कर्मचारी खवळले, जेवताना हे समोर नको! भिंत झाकली गेली, ती दहा वर्षं तशीच. आज त्या इमारतीत महागडं हॉटेल आहे आणि तिथं तीच भिंत कौतुकानं दाखवतात.

आपल्याकडे अशा चित्रापुढचं वाक्य ठरलेलं: ‘हे तर आमचा बंडूही काढेल.’ काढेल ना! पण पुढच्या वीस मिनिटांत त्यावरच पुन्हा रंग फासेल. बालवाडीतल्या चित्राचा चिखल होत नाही, कारण बाईंनी कागद वेळेवर उचललेला असतो. मोठ्या चित्रकाराला स्वतःची बाई स्वतःच व्हावं लागतं. (हशा)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य विषय आता.

लाल-हिरवा, निळा-नारिंगी असे पूरक रंग ओले असताना भिडले, की करडा-तपकिरी चिखल होतो. म्हणून ॲक्रिलिक घ्या. पातळ थर दहा-वीस मिनिटांत सुकतो, पावसाळ्यात जास्त वेळ धरा. सुकला की पाण्यानं सुटत नाही. पोस्टर कलर सुटतो; ओला कुंचला फिरवलात की खालचा लाल वर येतो.

नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो. जिच्यावर एकच क्रमांक, म्हणजे आत एकच रंगद्रव्य, अशी प्रत्येक नळी निवडा: पिवळा पीवाय ७४, लाल पीआर ११२, निळा पीबी १५:३, शिवाय पांढरा. हा निळा जहाल आहे. हिरवा करायचा तर पिवळ्यात कुंचल्याच्या टोकाइतकाच निळा घाला; निळ्यात पिवळा ओतत बसलात तर अख्खी नळी संपेल. उजळपणासाठी प्रत्येक रंगात पांढरा कालवू नका, रंग खडूसारखा पडतो. तळ पांढरा ठेवा आणि वर पातळ, पारदर्शक थर द्या. सुकल्यावर रंग थोडा गडद होतो, तेवढा आधीच फिका धरा.

तेलखडूच्या रेघा शेवटी. आधी ओढल्यात तर ॲक्रिलिक त्यावर धरत नाही, पापुद्रे निघतात. फ्लुरोसंट गुलाबीचा मोह होतो, पण तो उन्हानं उडतो. चित्र खिडकीसमोर लागणार असेल तर वापरूच नका. बाकीचं चहा घेताना बोलू.