पांडवकडा लांबूनच पाहा

नमस्कार, श्रोतेहो. आषाढात दोन दिवस झड लागून राहिली, की खारघरच्या डोंगरावर पांढरी धार दिसू लागते. तोच आपला पांडवकडा. वनवासात पांडवांनी या धारेखाली स्नान केलं, अशी कथा इथले लोक सांगतात. काळ्या कातळावरून सुमारे 107 मीटर पाणी कोसळतं. ठाण्याहून पनवेल लोकल धरली, की थेट खारघरला उतरता येतं. गोल्फ कोर्सच्या बाजूनं अख्खा कडा नजरेत मावतो. वारा जोराचा असला, तर धार मध्येच विस्कटते आणि नुसता धूर उरतो. मला विचाराल तर कडा पाहावा तो इथूनच. वाटेत पाड्यांवरच्या बाया टाकळा, कुर्डू घेऊन बसलेल्या दिसल्या, तर एखादी जुडी जरूर घ्या.

पण पुढे ओढ्यात शिरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. पावसाळ्यात तिथे बंदी घालतात, तरी पोरं आडवाटेनं आत जातात. कॉलेजात शिकणारी मुलं या डोंगरातल्या पाण्यात वाहून गेली आहेत. घरी त्यांची वाट पाहणारं कुणीतरी होतंच ना?

हे घडतं कसं, ते सांगतो. हा डोंगर लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्टचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. खडक घट्ट, वर मातीचा थर पातळ. पाणी मुरणार कुठे? माथ्यावर पडलेली सर बरीचशी तशीच ओढ्याला लागते. खाली तुमच्या अंगावर ऊन असेल, पण वर कोसळून गेलेली सर थोड्या वेळानं तुमच्यापर्यंत येते. घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला लागतं. पायाखालच्या दगडावर शेवाळ, तिथे पाय ठरत नाही.

कुठल्याही ओढ्याकाठी असाल, तर पाण्याकडे लक्ष असू द्या. नितळ पाणी गढूळ झालं, काटक्या, पालापाचोळा वाहत येऊ लागला, खळखळ वाढली, की चपला-पिशव्या गोळा करत बसू नका. आधी काठ चढा. पलीकडे अडकलात, तर पाणी ओसरेपर्यंत तिथेच उंचावर थांबा, ओढा ओलांडू नका. आणि कुणी वाहून जाताना दिसलं, तर मागोमाग उडी घेऊ नका. दोरी, ओढणी, लांब काठी, हाती लागेल ते काठावरून फेका, 112 ला फोन लावा आणि ठिकाण नेमकं सांगा: कुठला रस्ता, जवळची खूण कुठली, माणूस ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहे.