एका चाकाच्या दहा श्रेणी

श्रोतेहो, नमस्कार.

एकचाकी सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सर्कशीचा तंबू उभा राहतो. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या सर्कशीचे खेळ सुरू केले, तेव्हापासून आपण अशा कसरती तिकीट काढून बघण्याच्याच मानत आलो आहोत. जपानमध्ये मात्र प्राथमिक शाळांच्या मैदानावर मधल्या सुट्टीत मुले-मुली एकचाकीवरून सहज फिरताना दिसतात, आणि तेथे तिला कोणी सर्कस म्हणत नाही. मी स्वतः वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रखवालदाराच्या डोळ्यांदेखत ही सायकल शिकायला घेतली. त्या खटाटोपात ज्या एका प्रश्नाने मला सर्वांत जास्त घोळात टाकले, त्याविषयीच आज बोलायचे आहे.

आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग महासंघ ही या खेळाची जागतिक संघटना. तिच्या छत्राखाली होणाऱ्या जागतिक स्पर्धेचा, म्हणजे युनिकॉनचा, पहिला मेळा १९८४ मध्ये अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे भरला. या महासंघाने कौशल्याच्या दहा श्रेणी ठरवून दिल्या आहेत. प्रत्येक श्रेणीत काय काय करून दाखवायचे याची यादी आहे, आणि ते परीक्षकासमोर केले की ती श्रेणी आपली झाली. आपल्याकडे गाणे शिकणारे प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देत वर जातात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. तेव्हा नवशिक्याने या श्रेणी एकामागून एक, क्रमाने चढाव्यात का?

पहिली श्रेणी बघू. कोणाचा आधार न घेता सायकलवर चढायचे, ५० मीटर जायचे आणि सायकल पुढे हातात धरून नीट पायउतार व्हायचे. ऐकायला किरकोळ वाटते, पण एकचाकीला साखळी नसते आणि फ्री-व्हीलही नसते. पेडलच्या दांड्या थेट चाकाच्या आसाला जोडलेल्या असतात, त्यामुळे पाय थांबले की चाक थांबते आणि चाक थांबले की माणूस पुढे किंवा मागे जातो. शिकायला सहसा २० इंचांचे चाक घेतात. त्याच्या एका फेऱ्यात अंतर कापले जाते साधारण १.६ मीटर, म्हणजे ५० मीटरसाठी एकतीस-बत्तीस फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोनदा अशी वेळ येते की एक पेडल अगदी वर आणि दुसरे अगदी खाली असते, आणि तेव्हा पायात कितीही जोर असला तरी चाकाला तो मिळत नाही. नवशिका नेमका याच जागी अडकतो आणि पडतो. पार्किंगमधली भिंत धरून मी पहिले दोन आठवडे ही एकच जागा ओलांडण्यात घालवले. सगळे वजन पायांवर घेतल्याने पोटऱ्या दगडासारख्या होत. वजन सीटवर सोडून नजर समोरच्या खांबाकडे ठेवायची, हे ऐकून कळले होते, पण शरीराला पटायला वेळ लागला.

आता माझा घोळ सांगतो. यादीत आधाराविना चढणे पहिले लिहिलेले, म्हणून मी आधी तेच करू लागलो. भिंतीला पाठ करून सायकल पुढे घ्यायची, पेडल जरा मागे ठेवायचे, त्यावर पाय दाबून उडी घ्यायची आणि धाडकन खाली यायचे. चालवता न येणाऱ्याने चढण्याचा सराव करणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने सूर मारण्याचा सराव करण्यासारखेच होते, पण हे लक्षात यायला माझ्या नडग्यांना बरेच सोसावे लागले. बहुतेक लोक आधी भिंत किंवा कठडा धरून चालवायला शिकतात आणि मोकळ्यावर चढणे नंतर येते. श्रेणीतली यादी ही परीक्षेची यादी आहे, शिकण्याचा क्रम ती सांगत नाही, हे मला त्या आठवड्यांत उमगले.

म्हणून माझे मत असे की पहिल्या श्रेणीपर्यंत श्रेणींचा विचारच करू नये. त्यानंतर मात्र यादी भिंतीवर चिकटवावी, आणि तीही एका विशिष्ट कारणासाठी. माणूस एकटा शिकतो तेव्हा जे सोपे जाते तेच गिरवत बसतो. मी उजव्या पायाने चढायचो आणि डावीकडे वळायचो. उजवीकडे वळण आले की थांबून, उतरून, सायकल फिरवून पुन्हा चढायचो, आणि यात काही कमी आहे असे मला वाटतही नव्हते. दुसऱ्या श्रेणीत मात्र डाव्या पायानेही चढायला सांगितले आहे, दोन्ही बाजूंना काटकोनात वळायला सांगितले आहे, आणि तीन मीटरपेक्षा लहान वर्तुळांचा इंग्रजी आठचा आकडा काढायलाही सांगितले आहे. आठ काढताना दोन्ही बाजूंना वळण घ्यावेच लागते, पळवाट उरत नाही. आपली कमकुवत बाजू उघडी पाडण्याचे काम ही यादी जितके चोख करते, तितके स्वतःचे मन कधीच करत नाही.

याउलट, श्रेणीला चिकटून राहण्यात एक धोकाही आहे. यादीतील बहुतेक करामती सपाट जमिनीवरच्या, लहान चाकावरच्या आहेत. ज्याला ३६ इंचांचे चाक घेऊन लांबवर जायचे आहे किंवा जाड टायर लावून डोंगराच्या पायवाटेने उतरायचे आहे, त्याला पायाने चाक ढकलत चालण्याची किंवा पोटावर सीट धरून जाण्याची गरज सहसा पडत नाही. त्याने सातवी श्रेणी गाठली नाही म्हणून तो कच्चा ठरत नाही. गाण्यात विशारद होऊनही मैफलीत गळा न उघडणारे आणि एकही परीक्षा न देता बैठक जिंकणारे, दोन्ही प्रकारचे लोक आपण पाहिले आहेत.

क्रम मोडण्याचे आणखी एक कारण अगदी साधे असते, ते म्हणजे जागा. आमच्या पार्किंगमध्ये गाड्या लागल्या की सरळ आठ-नऊ मीटरसुद्धा मिळत नाहीत. त्यामुळे आठचा आकडा बाजूला ठेवून मी जागच्या जागी झुलायला शिकलो. एक पाय खाली ठेवायचा, चाक अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे न्यायचे, खालचा पाय लंबकासारखा हलवायचा आणि वरचा पाय नुसता सोबत द्यायचा. हे यादीत पुढे येते, पण एका माणसाला उभे राहायला लागते तेवढ्या जागेत ते जमते. शिवाय रहदारीत सिग्नलला न उतरता थांबता येते.

परवा उजवा पाय खाली ठेवून मी बावीस झुले मोजले. रखवालदारही मोजत होता आणि त्याचे म्हणणे तेवीस झाले असे होते. मग डावा पाय खाली घेतला, आणि तिसऱ्या झुल्यालाच मी एका स्कूटरच्या हँडलला धरून उभा होतो.