नरक्या

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळ्यात कोयनेच्या नाहीतर आंबोलीच्या रानातून चालताना मध्येच कुजक्या वासाचा भपकारा येतो. कुठे जनावर मरून पडलंय म्हणून बघावं, तर समोर फुललेलं झाड! फिकट पिवळसर फुलांचे झुपके, रुंद पानं. या घाणेरड्या वासावरूनच त्याचं नाव पडलं नरक्या.

याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचं, कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य असतं. ते पहिल्यांदा हाती लागलं १९६६ साली अमेरिकेत, एका चिनी झाडातून. शोधणारे होते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. या वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. पुढे १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यातही सापडलं.

ते काम कसं करतं? पेशी दुभंगण्याआधी डीएनएचा पीळ सैल व्हावा लागतो. त्यासाठी एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा एक धागा कापतं, पीळ सोडतं आणि धागा पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी अडकून बसतं. सांधा जुळत नाही, पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणून हा घाव त्यांना जास्त लागतो.

पण झाडात द्रव्य सापडलं म्हणजे औषध झालं, असं नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या मूत्राशयातून रक्तस्राव झाला, त्या थांबवाव्या लागल्या. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची रचना बदलत नेली, आणि १९९६ मध्ये अमेरिकेत टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन औषधांना परवानगी मिळाली. एक अंडाशयाच्या कर्करोगावर, दुसरं मोठ्या आतड्याच्या. मधे तीस वर्षं गेली. म्हणून कळकळीने सांगते, कुणी कितीही छातीठोकपणे सांगू दे, नरक्याची साल उकळून कुणाला पाजू नका. ते विष आहे.

आणि जिवाला लागणारी गोष्ट अशी, की किलोभर लाकडातून हे द्रव्य निघतं जेमतेम काही ग्रॅम. त्यामुळे तस्कर झाडंच्या झाडं बुंध्यापासून तोडतात, ढलप्या करतात आणि पोत्यांत भरून रातोरात घाटाखाली उतरवतात. मागे उरतात नुसते खुंट.

तुमच्या शिवारालगत अशी पोती भरली जाताना दिसली, तर वनविभागाचा क्रमांक आहे १९२६. पुन्हा सांगते, एक नऊ दोन सहा. नमस्कार.