गाभाऱ्याबाहेरचं काय?

[दृश्य: तुळशीबाग. दुकानांच्या गर्दीतून कॅमेरा राममंदिराकडे]

पुण्याच्या तुळशीबागेत येणारी बरीचशी गर्दी खरेदीची. उरलेली रामाच्या दर्शनाची. सभामंडपाचं लाकूड बघायला मात्र कुणी येत नाही. आज आपण त्यासाठीच आलोय, आणि जीर्णोद्धारात अशा लाकडाचं काय होतं ते बघायला.

पेठांमधल्या जुन्या देवळांची घडण साधारण ठरलेली असते. दगडी गाभारा, त्यावर विटा-चुन्याचं शिखर आणि पुढे लाकडी सभामंडप. सागवानी खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर उभा असतो, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. खांबाचा घाट सुरूच्या झाडासारखा, वर निमुळता होत गेलेला. दोन खांबांमध्ये महिरप, आणि तिच्यातून खाली लोंबणारं, लाकडात कोरलेलं केळफूल. महिरप नुसती शोभेची. छताचा भार घेते ती वरची आडवी तुळई. आणि यातले बहुतेक सांधे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेले. म्हणजे हा मंडप उलट्या क्रमाने, एकेक तुकडा करत उतरवता येतो. तो पाडावा लागत नाही.

पाडला जातो, ही गोष्ट वेगळी.

[दृश्य: पेठेतली गल्ली, पत्र्यांमागे चाललेलं बांधकाम]

वाळवी लागते, छत गळायला लागतं, उत्सवाला जागा पुरत नाही. मग जीर्णोद्धार ठरतो. देवासाठी सगळं शास्त्राप्रमाणे होतं. मूर्तीतल्या कळा, म्हणजे तिचं देवत्व, कलशात घेतल्या जातात, देव तात्पुरत्या जागी बसतो, नवं मंदिर झालं की पुन्हा प्रतिष्ठा होते. गाभाऱ्याबाहेर जे असतं त्याला कुठलाही विधी नाही. ते ठेकेदाराच्या ट्रकमध्ये जातं. पुढे कुठल्यातरी हॉटेलात काचेखाली टेबल होऊन बसतं, आणि तिथे आपण फोटो काढतो.

विश्वस्तांना नावं ठेवणं सोपं आहे. पण गळक्या छताखाली माणसं बसवायची जबाबदारी त्यांची असते, आपली नाही.

[दृश्य: राजा दिनकर केळकर संग्रहालय]

बाजीराव रस्त्याजवळच्या या संग्रहालयात कोरीव दारं आहेत, खिडक्या आहेत. दिनकर केळकरांनी हे चिकाटीने जमवलं आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी इथे आणून उभे केले. तो महाल, देऊळ नव्हे. पण शिकायचं ते हेच. सुटं दार सुंदर दिसतं. खांब, महिरप, छत एकत्र उभं राहिलं की तिथे माणूस कसा वावरत असेल ते कळतं.

सुट्या खांबाची पंचाईत अशी की तो कुठला, हे तो सांगत नाही. पूर्वेकडचा की पश्चिमेचा? आतल्या रांगेतला की बाहेरच्या? मंडप उतरवायच्या आधी मोजून नकाशा काढला, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला, तोच क्रमांक नकाशावर आणि फोटोवर लिहिला, तर पन्नास वर्षांनीही तो पुन्हा जोडता येईल. नाहीतर वाचवलेलं लाकूड म्हणजे महागडं फर्निचर. आमच्या मते हा कागद लाकडाइतकाच मोलाचा आहे, आणि त्याला खर्चही फार येत नाही.

[दृश्य: चुन्यातल्या मूर्ती असलेलं शिखर, जवळून]

सगळं वाचवता येत नाही. शिखरावरच्या या चुन्यातल्या मूर्ती विटांवरच घडवलेल्या. उतरवायला गेलं की बहुधा भुगाच हाती येतो. त्यांचे साचे घ्यावेत, सगळ्या बाजूंनी फोटो घ्यावेत. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर तर साखळीने बांधलेला गेंडा कोरलाय! दगड आहे म्हणून टिकला. चुन्यात असता, तर इथे असा गेंडा होता असं कुणी सांगितल्यावर आज विश्वास बसला नसता.

[दृश्य: जुना बाजार, मंगळवार पेठ]

विकणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यात, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेष ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. देवळाचा दोनशे वर्षांचा खांब भंगाराच्या भावाने देताना हे कुणाच्या डोक्यात नसतं.

मग ठेवायचं कुठे? नव्या सिमेंटच्या मंडपात चार जुने खांब नुसते उभे केले तरी चालतील. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत. जागाच नसेल तर कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, फळ्यांवर, हवा खेळेल असं ठेवा. वर नवा ऑइल पेंट मारू नका. जुना रंग पॉलिशपेपरने घासूही नका, त्याबरोबर कोरीव कामाच्या कडा जातात.

तुमच्या पेठेतल्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला असेल, तर बैठकीत एवढंच मांडा: आधी मोजणी, आधी क्रमांक. नकाशाची एक प्रत ट्रस्टच्या दप्तरात राहू द्या, दुसरी जुनी कागदपत्रं जपणारं भारत इतिहास संशोधक मंडळ ठेवून घेईल का ते सदाशिव पेठेत जाऊन विचारा. आणि हे सगळं ठेकेदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी.