पुलाला पट्टी आहे, हवेला नाही
(सांगलीतल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की ‘बरं आहे का’ हे नंतर. आधी ‘पाणी किती फुटावर आलं?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, ते आपण विसरलेलो नाही.

हवेचा असा आकडा मात्र कुणाच्या तोंडी नाही. हवा मोजणारी केंद्रं थोडी, आणि जिथे माणसाने जाऊन मोजायचं तिथे पद्धत आठवड्यातून दोनदाची, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवसांची. फिल्टरचा कागद आधी तोलायचा, त्यातून हवा ओढायची, मग पुन्हा तोलायचा. वाढलेलं वजन ती धूळ. पद्धत खात्रीची आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण मंगळवारी रात्री कुणी उसाचं पाचट पेटवलं आणि मोजणी गुरुवारी असली, तर तो धूर त्या कागदावर येतच नाही. माझ्या आईच्या छातीत मात्र येतो. तिला दमा आहे. ऊसतोड सुरू झाली की तिचा पंप उशाशीच असतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या यादीत सांगली आहे. पण ती यादी शहरांची. पाचट जळतं वाळवा, पलूसच्या रानात, वीटभट्ट्याही गावाबाहेरच. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, धूर वर चढतच नाही, आणि नेमक्या त्याच वेळी म्हातारी माणसं फिरायला निघतात.

गरीब देशांची अवस्था याहून वाईट आहे. काही ठिकाणी अमेरिकन वकिलातीतलं यंत्र हाच लोकांना मिळणारा भरवशाचा आकडा होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने ते आकडे देणं थांबवलं. म्हणून म्हणतो, यंत्र आपल्या गावाचं हवं.

आता काही हजारांत छोटे सेन्सर मिळतात. कणांवर प्रकाश टाकायचा, तो किती विखुरतो त्यावरून अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीचा अंदाज करायचा. अडचण आपल्या दमट हवेची: ओलीने कण फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो. तेव्हा आधी काही आठवडे तो मोठ्या केंद्राशेजारी ठेवून दोन्ही आकडे ताडून बघायचे, किती फरक पडतो ते काढायचं, ऋतू बदलला की पुन्हा तेच. हे टाळून गावोगाव डबे टांगणं मला मान्य नाही. चुकीच्या आकड्याने घाबरलेली माणसं पुढे खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

या बारीक धुळीसाठी वर्षाच्या सरासरीची आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. त्यावर वाद जरूर घालू. मला त्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोजचा आकडा हवा आहे. आईला पहाटे फिरायला पाठवायचं की ऊन वर येईतो थांबवायचं, ते मी तो वाचून ठरवीन.